‘लवकर निदान’ म्हणजे नेमकं किती लवकर? ट्रोपोनिनचे दोन पेपर सरावलीत वाचताना

हार्ट अटॅक ओळखणाऱ्या सेन्सरवर पीएचडी करायची म्हणून कोणी सिनॉप्सिस लिहायला बसलं, की पहिला परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो. हृदयविकार हे जगात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आहे. ट्रोपोनिन हा त्यातला सर्वमान्य मार्कर आहे. लवकर निदान झालं तर जीव वाचतो. म्हणून आम्ही अमुक नॅनोकणांचा, तमुक इलेक्ट्रोडचा सेन्सर बनवतो आहोत. चार वाक्यं, आणि प्रत्येकाच्या शेवटी चौकोनी कंसात दोन-तीन आकडे. ते आकडे उलगडून बघितले तर २००९चे दोन पेपर वारंवार भेटतात. आज त्या पेपरांची चिकित्सा करायची आहे, आणि त्याहून जास्त, आपण ते ज्या सवयीने उद्धृत करतो त्या सवयीची. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढे वाद घालायला सोपं जाईल: चारातलं तिसरं वाक्य या दोन पेपरांनी सिद्ध केलेलं नाही. त्यांनी ते तपासलेलंच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, भरभर. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मरतात तेव्हा आतला माल रक्तात सांडतो. तो मोजायचा, एवढीच मूळ कल्पना. १९५४मध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी हार्ट अटॅकनंतर रक्तात एक एन्झाइम वाढतं असं दाखवलं. ते एन्झाइम म्हणजे एसजीओटी, जे आज आपण लिव्हरच्या रिपोर्टात बघतो. त्यातच त्याची अडचण कळते: ते यकृतातही असतं, हाडांना जोडलेल्या स्नायूतही असतं. मग सीके आलं, सीके-एमबी आलं, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ट्रोपोनिन टी आणि आय. ट्रोपोनिन हे स्नायूच्या आकुंचनाला चाप लावणारं प्रथिन. त्याचं हृदयातलं रूप हातापायांच्या स्नायूतल्या रूपापेक्षा वेगळं असतं, म्हणून त्याच्याविरुद्ध नेमकी अँटिबॉडी करता येते. २००० साली युरोपियन आणि अमेरिकन संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती बांधली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ते दोन पेपर. दोन्ही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात, २७ ऑगस्ट २००९च्या. एकाचा पहिला लेखक राइशलिन, गट स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. दुसऱ्याचा पहिला लेखक केलर, गट जर्मनीतला. दोघांचा प्रश्न साधारण एकच होता: छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आलेल्या माणसाचं रक्त आल्याआल्याच घेतलं, तर ट्रोपोनिनच्या नव्या, जास्त संवेदनशील चाचण्या जुन्या चाचणीपेक्षा किती बऱ्या ठरतात?

बाझलच्या अभ्यासात ७१८ माणसं, त्यातल्या १२३ जणांना, म्हणजे १७ टक्क्यांना हार्ट अटॅक. चार नव्या चाचण्यांचा एयूसी ०.९५ ते ०.९६ आला, जुन्या चाचणीचा ०.९०. एयूसी म्हणजे काय हे ज्यांना अजून नीट बसलेलं नाही त्यांच्यासाठी: आजारी आणि न-आजारी अशी एकेक व्यक्ती चिठ्ठी टाकून उचलली, तर चाचणीचा आकडा आजारी व्यक्तीत जास्त निघण्याची शक्यता. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. दुखणं सुरू होऊन तीन तासही झाले नव्हते अशा लोकांपुरतं बघितलं तर फरक फारच ठळक आहे: जुनी चाचणी ०.७६, नव्या ०.९२ ते ०.९४. ‘लवकर निदान’ हा शब्द इथून उचलला जातो. आणि हा आकडा खरोखर चांगला आहे, त्यात काही खोट नाही. पाठोपाठ आलेले सगळे रुग्ण घेतले, ठरवून निवडलेले ठणठणीत आणि ठरवून निवडलेले गंभीर असे दोन गठ्ठे केले नाहीत, अंतिम निदान दोन स्वतंत्र हृदयरोगतज्ज्ञांनी कागदपत्रं बघून ठरवलं. अभ्यासाची आखणी शिकायची असेल तर हा पेपर समोर ठेवून शिका.

केलरच्या अभ्यासात १८१८ माणसं, ४१३ जणांना हार्ट अटॅक, म्हणजे २२.७ टक्के. आल्याआल्या घेतलेल्या एका नमुन्यात, ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या कट-ऑफला संवेदनशीलता ९०.७ टक्के, विशिष्टता ९०.२ टक्के.

इथं पेन घ्या. हजार माणसं आली, त्यांत २२७ जणांना अटॅक आहे असं धरू. ९०.७ टक्के पकडले गेले म्हणजे २०६, २१ सुटले. उरलेल्या ७७३ पैकी ९.८ टक्क्यांना चाचणी उगाचच पॉझिटिव्ह आली, म्हणजे ७६ जणांना. एकूण पॉझिटिव्ह २८२, त्यातले खरे २०६, म्हणजे ७३ टक्के. ठीक आहे. आता हीच चाचणी अशा ठिकाणी न्या जिथं छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या हजारात ५० जणांनाच अटॅक असतो, बाकीच्यांना ॲसिडिटी, बरगडीचं दुखणं, घाबरणं, न्यूमोनिया. पकडले ४५, सुटले ५, आणि खोटे पॉझिटिव्ह ९३. आता पॉझिटिव्हमधले खरे फक्त ३३ टक्के. संवेदनशीलता तीच, विशिष्टता तीच, मशीन तेच. बदललं ते दारातून आत येणारं गाव.

मी राहते ते सरावली, बोईसरला लागून. एका बाजूला तारापूर एमआयडीसी, तीन पाळ्या, कंत्राटी कामगार, पलीकडे अणुऊर्जा केंद्र. दुसऱ्या बाजूला पाडे. मुंबई साधारण शंभर किलोमीटर. रेल्वेने गेलात तर वेळापत्रकाच्या हवाली, रस्त्याने गेलात तर चिल्लार फाट्याला हायवे पकडून पुढे घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या हवाली. अशा जागी बसून हे पेपर वाचले की काही प्रश्न आपसूक पडतात, जे बाझलमध्ये बसून पडण्याचं कारण नव्हतं. तो बाझलवाल्यांचा दोष नाही. पण संदर्भ देताना ते प्रश्न न विचारणं हा आपला दोष आहे.

पहिला प्रश्न: ही माणसं किती वेळाने आली? बाझलच्या अभ्यासात दुखणं सुरू होऊन १२ तासांच्या आत आलेलेच घेतले होते. आता भारताचा आकडा बघा. बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून डेनिस झेवियर, प्रेम पैस आणि सहकाऱ्यांनी चालवलेली क्रिएट नोंदवही २००८मध्ये लॅन्सेटमध्ये आली. ५० शहरांतली ८९ केंद्रं, २०,९३७ रुग्ण. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, सहा तास. मधले निम्मे लोक १२३ ते १३१७ मिनिटांच्या दरम्यान. १३१७ मिनिटं म्हणजे जवळजवळ २२ तास. म्हणजे दर चारातला एक त्याहूनही उशिरा आला. तो चौथा माणूस बाझलच्या अभ्यासात घेतलाच गेला नसता.

आणि सहा तासांनी आलेल्या माणसाला नव्या चाचणीचा उपयोग काय? तोवर जुन्या ट्रोपोनिननेही बहुतेकदा डोकं वर काढलेलं असतं. नव्या चाचणीची खरी कमाई पहिल्या तीन तासांत आहे, आणि ते तीन तास आपल्याकडे घरात, ‘गॅस झालाय, सोडा पी’ म्हणण्यात, पाळी संपेपर्यंत थांबण्यात, रिक्षा शोधण्यात जातात. सेन्सर कितीही चपळ केला तरी तो वेळ त्याच्या हातात नाही. उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी माझ्या सोयीचाच आकडा दाखवला असं होईल: १२३ मिनिटांच्या आतले २५ टक्केही आहेतच, आणि त्यांच्यासाठी ०.७६ आणि ०.९३ यांतला फरक खराखुरा आहे.

दुसरी गोष्ट त्याच नोंदवहीतली. निश्चित निदान झालेल्या २०,४६८ पैकी १२,४०५, म्हणजे ६०.६ टक्के लोकांना एसटी-एलिव्हेशनचा अटॅक होता, ज्यात ईसीजीच बोलतो. अशा रुग्णात रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायचीच नसते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, जे हाताशी असेल ते, लगेच. ट्रोपोनिनसाठी थांबणं हीच तिथं चूक. मग आपल्या सिनॉप्सिसमधला ‘मिनिटांत निदान करणारा सेन्सर’ या ६० टक्क्यांसाठी काय करणार आहे? फारसं काही नाही. कागदावर रेघा काढणारं मशीन आणि त्या रेघा वाचू शकणारं माणूस, यांची गरज जास्त आहे.

पण थांबा, ६०.६ हा आकडाही तसाच उचलू नका. क्रिएटमध्ये घ्यायची अट काय होती? ईसीजीत स्पष्ट बदल, किंवा ईसीजी बरा असेल तर आधीपासून हृदयविकार असल्याचा पुरावा. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच छातीत दुखतंय आणि ईसीजी जवळजवळ नॉर्मल, असा माणूस या नोंदवहीत यायला दारच नाही. आणि रक्ताच्या मार्करची सर्वांत जास्त गरज नेमकी त्यालाच असते. त्यामुळे भारतात मार्करची गरज कमी आहे असं क्रिएटवरून म्हणणं हीसुद्धा उडीच. नोंदवहीत कोण आहे हे वाचताना कोण असूच शकत नाही हे वाचायची सवय लावून घ्या. दर वेळी पद्धतीच्या परिच्छेदात, समावेशाच्या अटींत ते लिहिलेलं असतं, आणि दर वेळी आपण ते ओलांडून निकालावर जातो.

आता कार्डाकडे येऊ. गावपातळीवर ट्रोपोनिन म्हणजे बहुतेकदा प्रयोगशाळेतलं मोठं मशीन नसतं. प्रेग्नन्सी टेस्टसारखी दिसणारी पट्टी असते. दोन रेघा पॉझिटिव्ह, एक रेघ निगेटिव्ह. अशा अनेक ट्रोपोनिन आय कार्डांचा कट-ऑफ ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतो. केलरचा ०.०४. एककं बदलून लिहा: ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर. बारा पटींचा फरक. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रोपोनिन आयचे आकडे थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण प्रत्येकाची अँटिबॉडी त्या प्रथिनाचा वेगळा तुकडा पकडते; म्हणून ‘बारा’ हा आकडा काटेकोर घेऊ नका. पण दिशा स्पष्ट आहे. केलरचा पेपर उद्धृत करून ‘एका नमुन्यात ९० टक्के संवेदनशीलता’ असं लिहायचं आणि मनात मात्र हे कार्ड ठेवायचं, हा सरळसरळ घोटाळा आहे. मिलिलिटर आणि लिटर यांतला हजाराचा फरक डोळ्यांसमोरून निसटतो आणि कोणालाच काही कळत नाही. तुमच्या रिव्ह्यूच्या तक्त्यात सगळे आकडे एकाच एककात आणा. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतर अर्धे ‘अभूतपूर्व’ सेन्सर तक्त्यातच बसकण मारतात.

कार्डाच्या पाकिटावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, बहुतेकदा ३० अंशांपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा त्याच्या वर असतो, वीज गेली की खोलीही तापते. पेपरात हे कुठे येतं? नमुना उणे ८० अंशांवर गोठवला, एवढं येतं.

शिवाय एक निगेटिव्ह म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. मोठ्या मशीनवरच्या उच्चसंवेदनशील ट्रोपोनिन टीसाठी युरोपियन मार्गदर्शनात शून्य तास आणि एक तास अशी जोडी आहे: पहिला आकडा १२ नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आणि तासाभरातला बदल ३पेक्षा कमी, तर अटॅक नाही असं मानायचं; पहिलाच आकडा ५२ किंवा जास्त, किंवा तासात ५ची वाढ, तर आहे असं धरून पुढे जायचं. पहिल्याच नमुन्यात ५च्या खाली असेल तरी सोडता येतं, पण दुखणं सुरू होऊन तीन तास उलटलेले असतील तरच. म्हणजे माहिती एका आकड्यात नाहीच, ती दोन आकड्यांमधल्या उतारात आहे. ज्या गावातून नमुना दुसऱ्या गावच्या लॅबला जातो आणि रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो, तिथं या ‘एक तासा’ला काय अर्थ उरतो, ते तुम्हीच ठरवा.

यातून सेन्सरवाल्यांसाठी एक गणित निघतं, जे मला बहुतेक पेपरांत सापडत नाही. ट्रोपोनिन टीची निरोगी लोकांतली वरची मर्यादा, ९९वा पर्सेंटाइल, १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. त्या पातळीला मोजमापातली अस्थिरता १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी अशी अट आहे. १४चे १० टक्के म्हणजे १.४. दोन मोजमापं घेऊन वजाबाकी केली की फरकाची अस्थिरता वर्गमूळ दोनच्या पटीने वाढते, साधारण २. मग ५चा बदल अडीच पट अस्थिरतेइतका ठरतो. त्याला अर्थ आहे. हीच अस्थिरता २० टक्के असेल तर फरकाची अस्थिरता ४, आणि ५चा बदल म्हणजे निव्वळ हाताची थरथर असू शकते. आता सेन्सरच्या पेपरात ठळक अक्षरात काय असतं? लिमिट ऑफ डिटेक्शन अमुक फेम्टोग्रॅम. एक फेम्टोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ०.००१ नॅनोग्रॅम प्रति लिटर, आपल्याला हव्या त्या पातळीच्या चौदा हजार पट खाली. तिथं कोणाला काही मोजायचंच नाहीये! सोन्याचा काटा आणून धान्य मोजायला बसण्यातला प्रकार, आणि तो काटाही दोनदा ठेवलं तर दोन वजनं दाखवतो का, हे तपासलेलंच नाही. १४ला अस्थिरता किती, हा एक आकडा शोधा. नसेल तर बाकीचा पेपर रसायनशास्त्र म्हणून वाचा, निदान म्हणून वाचू नका.

घरचंच उदाहरण घेऊ. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने एसयू-८ नावाच्या पॉलिमरचे सूक्ष्म कँटिलिव्हर बनवण्यावर बरीच वर्षं काम केलं. पोहण्याच्या तलावावरची उडी मारायची फळी डोळ्यांसमोर आणा, केसाच्या जाडीच्या मापाची. तिच्या एका अंगाला अँटिबॉडी चिकटवायची. हृदयातलं प्रथिन येऊन बसलं की पृष्ठभागावर ताण येतो, फळी किंचित वाकते, आणि आतल्या थराचा विद्युतरोध बदलतो. हार्ट अटॅकचे मार्कर ओळखणारं उपकरण हे या कामाचं एक जाहीर उद्दिष्ट होतं. आयसेन्स या नावाने ते तेव्हा चर्चेत होतं. पुढे काय झालं? तिथून निघालेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज या स्टार्टअपचं उपकरण एप्रिल २०२१मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते बाजारात आलं. नाव नॅनोस्निफर, आणि ते ओळखतं स्फोटकं. दहा सेकंदांच्या आत, नॅनोग्रॅम मात्रेत.

मला यात अपयश दिसत नाही. पण एकाच जातीच्या तंत्राची एक वाट स्फोटकांच्या तपासणीपर्यंत पोचली आणि रक्ताच्या चाचणीची तशी पोचली नाही, यातून संशोधन करू पाहणाऱ्याने काही शिकायला हवं. माझा अंदाज असा: स्फोटकाचा नमुना तापवून, वाफ करून सेन्सरपुढे आणता येतो. रक्तात ती सोय नाही. प्लाझ्मात दर लिटरला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं असतात. ट्रोपोनिनचे १४ नॅनोग्रॅम त्यात शोधायचे म्हणजे ५०० कोटींत एक. बाकीची सगळी गर्दी फळीवर येऊन बसायला तयारच असते. म्हणून बफरमध्ये, स्वच्छ क्षारपाण्यात घेतलेली सुंदर सरळ रेघ मला आता फारशी भुलवत नाही. ‘मानवी सीरममध्येही तपासलं’ असं लिहिलेलं असलं तरी पुढे वाचा. बऱ्याचदा ते विकतच्या सीरममध्ये वरून ट्रोपोनिन मिसळून केलेलं असतं. खऱ्या रुग्णातलं ट्रोपोनिन तुटलेलं, दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेलं, कधी रुग्णाच्याच अँटिबॉडीने झाकलेलं असतं.

आता व्याख्येकडे परत. ट्रोपोनिनच अटॅकच्या व्याख्येत आहे म्हटल्यावर नव्या चाचणीची परीक्षा कोण घेणार? २००९च्या दोन्ही अभ्यासांत अंतिम निदान करताना तज्ज्ञांसमोर जुन्या चाचणीचे ट्रोपोनिनचे आकडे होते. मग जुन्या चाचणीला न दिसलेला छोटा अटॅक नव्या चाचणीने पकडला, तर तो ‘खोटा पॉझिटिव्ह’ म्हणून मोजला जाणार. म्हणजे मोजपट्टीच आखूड होती. नव्या चाचण्यांची विशिष्टता कागदावर दिसते त्यापेक्षा चांगली असू शकते, किंवा ते ‘जास्तीचे’ पॉझिटिव्ह अटॅक नसून हृदयाची दुसऱ्याच कारणाने झालेली इजा असू शकते. पेपरातल्या आकड्यांवरून हे ठरवता येत नाही.

ही दुसरी शक्यता आपल्याकडे फार मोठी आहे. ट्रोपोनिन सांगतं हृदयाच्या स्नायूला इजा झाली. का झाली ते सांगत नाही. २०१८च्या चौथ्या वैश्विक व्याख्येत इजा आणि अटॅक हे वेगळे करूनच लिहिलेत. किडनी निकामी असेल तरी ट्रोपोनिन वर असतं, आणि डायलिसिसवरचे रुग्ण बाझलच्या अभ्यासातून वगळले होते. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो. दोन्हींत हृदयाचा स्नायू सुजू शकतो. आणि कोकणात विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर काय परिणाम होतो याची लक्षणं १९८२मध्ये लॅन्सेटमध्ये मांडली, आणि पुढे प्राझोसिनचा उपचार. तो माणूस घामाघूम, हातपाय गार, फुप्फुसांत पाणी, हृदयाच्या स्नायूला इजा. त्याचं ट्रोपोनिन तपासलं तर पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि त्याला अटॅकचे उपचार करून चालणार नाही. बाझलच्या ७१८ जणांत हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘विशिष्टता ९० टक्के’ हे वाक्य ज्या गर्दीवर बेतलंय त्या गर्दीत विंचू चावलेला कोणी नव्हता. बावस्करांचे पेपर जरूर वाचा. हाताशी यंत्रं नसलेल्या ठिकाणी निरीक्षण किती काटेकोर होऊ शकतं हे तिथं दिसतं.

तुम्ही म्हणाल, मग दुसरा मार्कर शोधू. तेही करून झालंय. त्याच २००९ साली बाझलच्याच गटाचा कोपेप्टिनवरचा पेपर आला: ४८७ रुग्ण, ट्रोपोनिन टी एकट्याचा एयूसी ०.८६, कोपेप्टिन जोडलं की ०.९७. धडाधड पेपर निघाले. पण ती उडी ज्या जुन्या ट्रोपोनिनच्या कमकुवतपणावर उभी होती, ते ट्रोपोनिनच बदललं. २०२०च्या युरोपियन मार्गदर्शनात उच्चसंवेदनशील ट्रोपोनिन उपलब्ध असताना कोपेप्टिन किंवा एच-एफएबीपी नेहमीच्या निदानासाठी मागवू नये अशी सरळ शिफारस आहे. एयूसीतली वाढ वाचताना ती कशाच्या तुलनेत आहे ते बघा, आणि ते ‘कशाच्या’ अजून वापरात आहे का तेही.

आणि आता मूळ तिसरं वाक्य: लवकर निदान झालं तर जीव वाचतो. याची खरी परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली, २०१८मध्ये लॅन्सेटमध्ये आली. दहा रुग्णालयं, ४८,२८२ रुग्ण. आखणी हुशार होती: आधी काही महिने नवी चाचणी मोजायची पण डॉक्टरांना सांगायची नाही, फक्त जुनी सांगायची, मग टप्प्याटप्प्याने रुग्णालयं नव्या चाचणीवर आणायची. ज्यांचं ट्रोपोनिन वाढलेलं होतं अशा १०,३६० जणांपैकी १,७७१ जण, १७ टक्के, केवळ नव्या चाचणीनेच उघडे पडले. त्यांच्यात वर्षभरात पुन्हा अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू किती? जुनी चाचणी सांगितली जात होती तेव्हा ७२० पैकी १०५, म्हणजे १५ टक्के. नवी सांगितल्यावर १०५१ पैकी १३१, म्हणजे १२ टक्के. बाकी फरक जमेस धरल्यावर शक्यतांचं गुणोत्तर १.१०, विश्वासमर्यादा ०.७५ ते १.६१. म्हणजे फायदा दिसला नाही. १५चे १२ झाले हे बघून खूश होणाऱ्यांसाठीच ते दुरुस्त केलेलं गुणोत्तर असतं.

याचा अर्थ नवी चाचणी निरुपयोगी असा घेऊ नका. याच अभ्यासात रुग्णालयातला मुक्काम मध्यकाने १२ तासांवरून ७ तासांवर आला. म्हणजे कमाई झाली ती लोकांना सुरक्षितपणे घरी सोडण्यात. बोईसरहून मुंबईला नातेवाइकांसकट नेऊन दोन दिवस ठेवायच्या माणसासाठी ‘घरी जा, काही नाही’ हे खात्रीने सांगता येणं हीच मोठी गोष्ट आहे, पैशांनी आणि बुडालेल्या पाळ्यांनीही. मग सिनॉप्सिसमध्ये तेच लिहा ना. ‘जीव वाचवणारा सेन्सर’ऐवजी ‘सुरक्षितपणे घरी पाठवणारी चाचणी’. वाक्य कमी रुबाबदार आहे, पण त्यामागे पुरावा आहे. आणि गाइडने विचारलं तर उत्तर देता येतं: घरी पाठवणारी चाचणी हवी तर सुटलेले किती हा आकडा महत्त्वाचा, मग कट-ऑफ खाली हवा, मग १४च्याही खाली स्थिर मोजायला हवं. प्रयोगशाळेतलं सगळं काम त्या एका वाक्यातून ठरायला लागतं.

यात आपल्याकडचा एक अभ्यास मला हवासा वाटतो. छातीत दुखतंय म्हणून लहान दवाखान्यात आलेला, ईसीजी बरा, कार्डावर एकच रेघ, म्हणून घरी पाठवलेला माणूस, त्याचं तीस दिवसांनी काय झालं? स्कॉटलंडमध्ये हे राष्ट्रीय नोंदी जोडून कळतं. इथं फोन करावा लागेल, फोन बदललेला असेल, कंत्राट संपून माणूस गावी, म्हणजे उत्तर प्रदेशात किंवा ओडिशात गेलेला असेल, पाड्यावर असेल तर आशाताईंना विचारावं लागेल. त्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी, मराठी-हिंदीतलं संमतीपत्र, आणि डॉक्टरांचा विश्वास लागेल, कारण आपण त्यांच्या सुटलेल्या केसेस मोजायला आलोय असंच त्यांना वाटणार. किती माणसं लागतील ते आत्ताच काढून बघता येतं. समजा घरी पाठवलेल्या शंभरात दोघांना पुढे अटॅक येतो असं धरलं, तर ३०० जणांत सहाच सापडतील, आणि त्यातले दोघं फोनवर मिळाले नाहीत तर सगळा निष्कर्ष हलतो. म्हणजे हरवणाऱ्यांचं प्रमाण हाच या अभ्यासाचा खरा कट-ऑफ. पहिले महिनाभर नुसतं एवढंच तपासावं लागेल: तीस दिवसांनी किती नंबर लागतात.